मागचं चाक घरीच बसवलं

तपासणी केंद्रावरच्या माणसाने माझ्या मोटारसायकलच्या मागच्या टायरच्या भेगेत अंगठ्याचं नख रोवलं, निघालेली काळी पूड फुंकून टाकली आणि म्हणाला, "इंजिनियरसाहेब, हा टायर नाही. ही टायरची आठवण आहे."

रांगेतल्या लोकांना हा विनोद फारच आवडला. त्यातल्या एकाचं कुंपण गेल्या वर्षी माझ्या मोजणीत शेजाऱ्याच्या बागेत निघालं होतं. तो सगळ्यात जास्त वेळ हसला.

मी इंजिनियर आहे हे खोटं नाही, पण जमीन मोजणीतला. लुचेनेत्सच्या कचेरीत बसून कोणाची हद्द कुठे संपते ते सांगणं माझं काम. जमिनीला चाकं नसतात, हा जमिनीचा फार मोठा गुण आहे. पण आमच्या स्लोव्हाकियात पदवी एकदा नावाला चिकटली की कबरीवरच्या दगडापर्यंत सुटत नाही. लोक मला इंजिनियरसाहेब म्हणतात आणि नळ, शिवणयंत्र, लिफ्ट अशा गोष्टींवर माझं मत विचारतात. मीही ते देतो. नाही म्हणायला धैर्य लागतं.

"शुक्रवारी या," तो माणूस म्हणाला, "नवा टायर घालून. शुक्रवार चुकला तर थेट पुढच्या महिन्यात."

मला शुक्रवारच हवा होता, कारण शनिवारी झेल्मिरा येणार होती.

झेल्मिरा माझी बायको. ती ऑस्ट्रियात, लिंझच्या बाजूला एका गावात, एदेलट्राउड नावाच्या म्हातारीला सांभाळते. आमच्या भागातल्या निम्म्या बायका तिकडच्या म्हाताऱ्यांना सांभाळतात आणि आमच्या म्हाताऱ्या इकडे खिडकीत बसून मिनीबसची वाट बघतात. ठरलं होतं ते असं, की काही आठवडे तिकडे आणि तितकेच घरी. पण पाळी बदलायला येणाऱ्या दुसऱ्या बाईची पाठ धरली ती धरलीच. ईस्टर गेला, चेरी फुलल्या, चेरी पिकल्या, तरी झेल्मिरा तिकडेच. शेवटी एकदा फोनवर म्हणाली, "शनिवारी येतेय, वेंडो. मला काही नको. फक्त मोटारसायकलवरून रुझिनाच्या तलावावर नेशील? लसूण लावलेला गरम तळलेला लांगोश खाऊ या."

लग्नाला इतकी वर्षं झाली, या बाईने माझ्याकडे सरळ शब्दांत काही मागितल्याचं मला आठवत नाही. मी छाती काढून म्हणालो, "त्यात काय एवढं!"

नवा टायर आणि ट्यूब लगेच मिळाली. बसवून द्यायला मात्र गॅरेजवाला म्हणाला, "चाक ठेवून जा. जुलैत बघू."

"अहो, आत्ता जून चालू आहे."

"म्हणून तर जुलै म्हटलं."

दुसऱ्या गॅरेजात गेलो असतो तर कदाचित काम झालंही असतं. पण खरं सांगायचं तर मला जायचंच नव्हतं. तिकडे माझी बायको एका परक्या बाईला दिवसातून कितीदा तरी उचलते, न्हाऊ घालते, कुशीवर वळवते, आणि इकडे मी, धडधाकट नवरा, तिच्या कमाईतून दुसऱ्या माणसाला टायर बसवायला सांगायचं? माझ्या पगाराचं काय होतं ते विचारू नका. तो येतो आणि आल्याबद्दल माफी मागून निघून जातो. तेव्हा ठरवलं, की टायर घरीच बसवायचा. घरातल्या वस्तूंनी, फुकटात.

हे मी लिफ्टमध्ये गायदोशांना सांगितलं. गायदोश माझ्या घराच्या अगदी खालच्या मजल्यावर राहतात. निवृत्त रेल्वेवाले, विधुर, आणि सल्ला द्यायला मिळाला नाही तर त्यांची झोप उडते.

"शेजारी," ते माझा हात धरून म्हणाले, "चाकातच आयुष्य गेलं माझं. काळजी सोडा."

रेल्वेच्या चाकाला रबर नसतं हे मला तेव्हाच सुचायला हवं होतं. पण लिफ्ट फार भरभर वर येते.

आमची जावा मोटारसायकल राहते इमारतीच्या तळमजल्यावर, बाबागाड्यांच्या खोलीत. प्रत्येक इमारतीत अशी खोली असते. तिथे आम्ही दोघांनी तिला विटांवर चढवलं, मागचं चाक सोडवलं, आणि टायरमधली उरलीसुरली हवा सोडत होतो, तेवढ्यात दारात कुबिन्त्सोवाबाई उभ्या राहिल्या. या आमच्या सोसायटीच्या अध्यक्षा. हातात नेहमी किल्ल्यांचा जुडगा. त्यांच्या येण्याचा आवाज आधी येतो आणि माणसाला आपले गुन्हे आठवायला वेळ मिळतो.

"इंजिनियरसाहेब, ही बाबागाड्यांची खोली आहे."

"हो, पण बाई, मोटारसायकल इथेच असते की इतकी वर्षं."

"उभी असते. उभ्या राहण्याला माझी हरकत नव्हती. दुरुस्ती चालणार नाही. उद्या कोणाला बाबागाडी ठेवायची झाली तर?"

"अहो, पण आपल्या इमारतीत एक तरी बाळ आहे का?"

कुबिन्त्सोवाबाईंनी खोलीत चौफेर नजर टाकली. भिंतीला एक मोडकी बाबागाडी टेकलेली होती, त्यांच्याच मुलीची. ती मुलगी आता आयर्लंडमध्ये असते आणि तिची मुलं आजीशी इंग्रजीत बोलतात. आजीला इंग्रजी येत नाही.

"येईल," बाई म्हणाल्या. उशिरा धावणाऱ्या गाडीबद्दल बोलावं तसं म्हणाल्या. आम्ही दोघांनी मुकाट्याने चाक उचललं आणि लिफ्टमध्ये घातलं.

असं ते चाक माझ्या स्वयंपाकघरात आलं.

ज्यांनी हे काम केलेलं नाही त्यांना सांगतो, जुना टायर रिमला नुसता बसलेला नसतो. त्याची कड रिमला अशी चिकटते, की माझ्या कचेरीतले लोक खुर्चीला चिकटतात तेही काहीच नव्हे. ती कड आधी खाली दाबून सोडवावी लागते. दुकानात त्याला यंत्र असतं. आमच्याकडे एक लांब फळी, एक लाकडाचा ठोकळा आणि गायदोश होते.

"फळीचं टोक कशाखाली तरी अडकवायचं," गायदोश म्हणाले, "ठोकळा टायरवर, फळी ठोकळ्यावर, आणि या टोकाला तुम्ही. साधी तरफ."

"कशाखाली अडकवू?"

त्यांनी स्वयंपाकघर न्याहाळलं, आणि खिडकीखालच्या लोखंडी रेडिएटरवर त्यांची नजर प्रेमाने थांबली. "हा हलणार नाही. हा आपल्या दोघांच्या नंतरही इथेच असेल."

मी फळीच्या टोकावर उभा राहिलो. कड हलेना. गायदोश म्हणाले, "उडी मारा." मी इंजिनियर माणूस, मी उडी मारली. टायरची कड 'फट्' करून सुटली, हे मला मुद्दाम नोंदवायचं आहे, कारण त्यानंतरच्या गोंधळात या यशाची कोणी दखलच घेतली नाही. त्याच क्षणी रेडिएटर आपल्या नळापासून अलग झाला.

उन्हाळ्यात हीटिंग बंद असतं, पण पाणी आतच असतं, हे ज्ञान मला त्या दिवशी झालं. ते काळं असतं, त्याला जुन्या गंजाचा वास असतो, आणि ते सगळ्या इमारतीचं सामाईक असतं. टॉवेल, पायपुसणी, माझा कोट, जे हाताला लागेल ते आम्ही त्यावर टाकलं. मग गायदोश एकदम थबकले, जमिनीकडे बघत म्हणाले, "शेजारी, खाली तर माझं घर आहे," आणि पळत सुटले. त्यांच्या सल्ल्याचं पाणी त्यांच्याच छतातून त्यांच्याच गादीवर पडत होतं.

तळघरातला मुख्य नळ कुबिन्त्सोवाबाईंनी बंद केला. वर येऊन त्यांनी माझं स्वयंपाकघर पाहिलं. मला वाटलं, आता नियम, दंड, सभा. पण त्यांनी किल्ल्या फ्रीजवर ठेवल्या, बाह्या वर सारल्या आणि फडकं पिळायला लागल्या.

पुढचे दिवस आम्ही तिघं चाकाला लागलो. गायदोशांची गादी माझ्या बाल्कनीत वाळत होती, त्यामुळे ते माझ्याकडेच सोफ्यावर झोपत होते आणि सल्ला चोवीस तास उपलब्ध होता. टायर रिमवरून काढायला लोखंडी पट्ट्या लागतात. त्या आम्ही घडीच्या पलंगाच्या काढल्या आणि कानशीने टोकं गोल केली. रिमला चरे पडू नयेत म्हणून प्लास्टिक हवं होतं. झेल्मिराची शांपूची बाटली न्हाणीघरात होती, कॅमोमाइलची. ती कापली, आणि वाया जायला नको म्हणून आतला शांपू मी मधाच्या रिकाम्या बरणीत ओतून ठेवला. गायदोशांनी सकाळी तो चहात घातला. त्या दिवशी त्यांच्या प्रत्येक मताला थोडा फेस होता.

टायर निसरडा व्हावा म्हणून काय लावायचं, यावर दुपारभर वाद झाला. गायदोश म्हणाले, हंसाची चरबी. मी म्हणालो, चरबीने रबर सडतं. ते म्हणाले, "हंसाच्या चरबीने माझ्या आईचे गुडघे सडले नाहीत, ती ब्याण्णव वर्षं जगली." शेवटी भांडी घासायच्या साबणावर तडजोड झाली.

नवा टायर चढवताना एक बाजू पट्टीने आत ढकलली की दुसरी बाहेर येते. कोणातरी जड माणसाला त्या बाजूवर बसून राहावं लागतं. गायदोश वाळकुडे. मी पट्ट्यांवर. उरल्या कुबिन्त्सोवाबाई. त्यांनी एप्रन नीट केला आणि एखाद्या समारंभातल्या खुर्चीवर बसावं तशा टायरवर बसल्या.

"बसलं का?" मी गुडघ्यांवर, घामाघूम.

"बसलं की नाही ते मला काय कळतंय. पण मी बसलेय." मग जरा वेळाने त्या म्हणाल्या, "किती दिवसांनी मी कोणाच्या तरी स्वयंपाकघरात बसले असेन, इंजिनियरसाहेब. माझ्याकडे येतात ते तक्रार घेऊन येतात, आणि दारातूनच जातात."

मी शेवटची कड आत ढकलली. टायर बसला. गायदोशांनी आलुबुखाराची दारू, स्लिव्होवित्सा, ओतली. दुसऱ्या पेल्यानंतर कुबिन्त्सोवाबाईंनी विचारलं, "टायरवर हा बाण कशाचा आहे हो?"

बाण फिरण्याच्या दिशेचा होता. टायर उलटा बसला होता.

तो सगळा काढून पुन्हा घालताना मी पट्टी जरा रागाने मारली. आत काहीतरी मऊ आल्यासारखं वाटलं, पण हवा भरली तेव्हा कड चढली, आवाज झाला, हवा टिकली. मी देवाचे आभार मानून तपासणं थांबवलं.

राहिलं चाकाचं वजन समतोल करणं. चाकाच्या मधून त्याचा दांडा घालून दोन खुर्च्यांच्या पाठींवर ठेवायचा आणि चाक सोडून द्यायचं. जी बाजू जड ती आपोआप खाली येऊन थांबते. मग वरच्या हलक्या बाजूला शिसं लावायचं. शिसं गायदोशांच्या मासेमारीच्या पेटीतलं. हे काम शांततेचं आहे. आम्ही तिघं स्टुलांवर बसून ते चाक फिरताना बघत होतो, आणि तेवढ्यात झेल्मिराचा फोन आला.

"काय करतोयस?"

"काही नाही. बसलोय."

"जेवलास?"

"हो. तू?"

मागून एक कापरा आवाज आला, "सेल्मा! सेल्मा!" झेल्मिरा हे नाव तिकडे कोणाला म्हणता येत नाही. "आले हं, आले," ती जर्मनमध्ये म्हणाली. इतक्या मऊ आवाजात, की मला क्षणभर वाटलं मीच हाक मारली होती. मग मला म्हणाली, "ठेवते, वेंडो. ती घाबरते एकटी."

फोन बंद झाला. चाक दांड्यावर फिरत राहिलं, हळू झालं, थांबलं, जरासं मागे आलं आणि स्थिर झालं. "जड बाजू सापडली," गायदोश हळूच म्हणाले.

शुक्रवारी तपासणीवाल्याने चाक फिरवून पाहिलं, चिमटून पाहिलं. "कोणी बसवला?"

"मी."

"अच्छा," तो म्हणाला आणि शिक्का मारला. रांगेत त्या दिवशी ओळखीचं कोणीच नव्हतं.

शनिवारी सकाळी मिनीबस आली. झेल्मिरा उतरली. मी फुलं आणली होती, ती तिने घेतली, आणि कोणासाठी म्हणून घ्यायची ते कळत नसल्यासारखी धरून उभी राहिली. ती बारीक झाली होती. घरात आली, बूट काढले, पलंगावर जरा टेकते म्हणाली आणि संध्याकाळपर्यंत झोपली. मी दुधाचं पातेलं जरा वाजवलं तर ती झोपेतच उठून बसली, पाय खाली सोडले आणि जर्मनमध्ये म्हणाली, "आले, एदेलट्राउडबाई, आले." मला बघून तिला ओळखायला थोडा वेळ लागला.

संध्याकाळी तिने स्वयंपाकघर पाहिलं. खिडकीखाली रेडिएटर नव्हता, नळाच्या तोंडात लाकडी खुंटी आणि चिंधी. जमिनीवर काळे डाग. हालुश्की, म्हणजे उकडायचे पिठाचे छोटे गोळे, पाडायचा तिचा लाकडी पाट मधोमध चिरलेला, कारण एका टप्प्यावर आम्ही तोही तरफ म्हणून वापरला होता. बरणीत शांपू. मी एकेका गोष्टीचा खुलासा तयार ठेवला होता. ती म्हणाली, "असू दे." पाटावरून हात फिरवला आणि बाजूला ठेवला. "असू दे, वेंडो. काही हरकत नाही."

तो पाट तिच्या आईचा होता. आमच्या लग्नानंतर त्याच्यावर मी एकदा मासा चिरला, तर ती माझ्याशी आठवडाभर बोलली नव्हती. आणि आता काही हरकत नाही. दुसऱ्याच्या घरी कप फुटला की पाहुणे असं म्हणतात. मी रात्रीची भांडी घासली आणि जास्त वेळ लावून घासली.

रविवारी आम्ही निघालो. गायदोश आणि कुबिन्त्सोवाबाई आपापल्या खिडकीतून हात हलवत होते, जणू आम्ही अटलांटिक ओलांडायला चाललो होतो. ऊन चांगलं होतं. शेतांत खसखशीची फुलं होती. झेल्मिराने माझ्या पाठीला गाल लावला, हेल्मेट मध्ये आलं, तरी लावला. मला वाटलं, रेडिएटर गेला तर गेला.

रुझिनाचा चढ लागला, आणि गाडीचं मागचं अंग मासळीसारखं वळवळायला लागलं. मी कशीबशी कडेला घेतली. मागचा टायर रस्त्यावर पसरला होता. माझ्या पट्टीने ट्यूब आत चिमटली होती, ती इतके दिवस धीर धरून होती आणि नेमक्या चढावर तिचा धीर सुटला. पट्ट्या मी बरोबर आणल्या होत्या. साबणही होता. ट्यूबला ठिगळ लावायची सोल्युशनची नळी मात्र आत दगडासारखी वाळलेली निघाली.

"कोणी बसवला हा टायर?" झेल्मिराने हेल्मेट काढून विचारलं.

"मी."

"तू. घरी."

"गायदोश होते. कुबिन्त्सोवाबाई टायरवर बसल्या होत्या."

तिने माझ्याकडे बघितलं, आणि मग सुरू झाली. "गॅरेज नाही गावात? पाट मोडला, रेडिएटर मोडला, गायदोशांची गादी भिजवली, त्या बाईला टायरवर बसवलंस! अरे, माझ्या मेलेल्या आईचा पाट! आणि एवढं करून काय, तर हे? आणि शांपू बरणीत? बरणीत, वेंडो?" तिचा आवाज दरीत घुमत होता. मी मान खाली घालून ऐकत होतो. ती थांबू नये असं मला वाटत होतं.

ती थांबली तेव्हा धापा टाकत होती. मग रस्त्याकडेच्या गवतात बसली. "मला हे तलावावर सांगायचं होतं," ती म्हणाली. "लांगोश खाल्ल्यावर."

दुसरी बाई परत येणार नव्हती. म्हातारीच्या मुलाने झेल्मिराला कायम राहायची विनंती केली होती. वरच्या मजल्यावरची खोली दिली होती, बागेकडे खिडकी असलेली. मिनीबस उद्या सकाळीच येणार होती.

"तू काय म्हणालीस?"

"हो म्हणाले."

"किती दिवस?"

"ती आहे तोपर्यंत."

"आणि मग?"

"मला नाही माहीत." तिने गवताची एक काडी तोडली. "ती रात्री माझा हात धरते, वेंडो. सोडतच नाही. आणि घरी आले की मला झोप लागते, नुसती झोप. तुझ्याशी बोलायचं असतं, खूप असतं, पण झोपच लागते."

मला पुष्कळ बोलायचं होतं. मी जागेवरून कोणत्याही दोन माणसांच्या जमिनीची हद्द सांगू शकतो, पण तेव्हा मी नुसत्या पट्ट्या आणि साबण गोळा केला. मी म्हणालो, "चल. तलाव राहिला. परत जाऊ या."

मी हँडल धरलं, तिने मागून हात लावला. "पाठ ताठ ठेव," ती मागून ओरडली, "गुडघ्यांतून जोर लाव. मी माणसं उचलते, मला माहितीय." मेलेल्या टायरवर ती गाडी एखाद्या हट्टी जनावरासारखी पावलापावलाला अडत होती. उन्हं कलली होती. आम्ही आळीपाळीने बोलत होतो. ती म्हातारीचं सांगत होती, ती कशी रोज सकाळी नवऱ्याची वाट बघते, जो कधीचाच वारलाय. मी गायदोशांच्या चहाचं सांगितलं. ती इतकी हसली, की तिला गाडीचा आधार घ्यावा लागला, आणि मग तशीच, गाडीवर डोकं टेकून, बराच वेळ उभी राहिली.

मागून एक पिकअप आला. चालकाने काच खाली केली. मागे मोकळी जागा होती, दोरही होता. "चढवा की वर," तो म्हणाला. "लुचेनेत्सलाच चाललोय. दहा मिनिटांत सोडतो."

माझे खांदे भरून आले होते. मी थांबलो. पण झेल्मिरा पुढे झाली, कपाळावरचे केस मागे सारले आणि त्याला हसून म्हणाली, "नको हो. जवळच आहे आमचं घर."

त्याने समोर बघितलं. खाली लांबवर, उन्हाच्या धुरकट पट्ट्यात, आमच्या इमारती काडेपेट्यांएवढ्या दिसत होत्या. त्याने माझ्याकडे बघितलं. मीही 'जवळच आहे' अशी मान हलवली.

पिकअप निघून गेला. तिने मागून पुन्हा हात लावला.

"हळू ढकल," ती म्हणाली.